‘गॅझेटियर, पृ. ४३’ म्हणजे नेमकं कोणतं? संदर्भांना वेबवर प्रकारवार खुणा कशा कराव्यात

मी अमळनेर तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमचे विद्यार्थी आपापल्या गावाचा इतिहास लिहून वेबवर टाकतात. लेख मन लावून लिहिलेले असतात, पण तळटीप येते ती अशी: ‘गॅझेटियर, पृ. ४३’. आता हे कोणतं गॅझेटियर? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशावर आहे, तो १८८० सालचा. राज्य सरकारने काढलेलं जळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर १९६२ चं आणि धुळे जिल्ह्याचं १९७४ चं. त्रेचाळिसावं पान तिन्हींत आहे. वाचक माझ्या टेबलापाशी येतो, मी तिन्ही काढून देते आणि त्याची दुपार त्यातच जाते.

म्हणून आम्ही ठरवलं की प्रत्येक संदर्भाला तो कोणत्या प्रकारचा आहे याची खूण एचटीएमएलमध्येच (वेबपान ज्या खुणांनी बांधतात त्या भाषेतच) करायची. माणसालाही कळावी आणि यंत्रालाही. तो नियम बांधताना जे शिकले ते इथे लिहिते. तुमचं वाचनालय असो, गावाचं संकेतस्थळ असो की भाषेचा कोश, पद्धत हीच चालेल.

आधी चिठ्ठ्या, मग प्रकार

प्रकारांची यादी कागदावर आधी करू नका. आम्ही ती चूक केली. चौघं बसलो आणि डोक्यातून सव्वीस प्रकार काढले. त्यातले नऊ कधी वापरलेच गेले नाहीत आणि ज्याची रोज गरज पडत होती ती ‘स्मरणिका’ यादीत नव्हती.

दुसऱ्या वेळी प्रकाशित झालेल्या लेखांतले तीनशेच्या आसपास खरे संदर्भ उतरवून घेतले. एका कार्डावर एक. कार्ड-कॅटलॉगची कोरी कार्डं कपाटात पडून होती, साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची, ती कामी आली. वाचन कक्षाची फरशी रिकामी केली आणि पंखे बंद करून ढीग लावले. मे महिना होता, खानदेशातला. तरी ते दोन दिवस मला आजही मोलाचे वाटतात, कारण पडद्यावर जे दिसत नव्हतं ते फरशीवर दिसलं.

ढीग लावताना एकच प्रश्न विचारायचा: हा स्रोत हातात घ्यायचा असेल तर वाचकाने कुठे जायचं आणि तिथे काय मागायचं? दोन कार्डांचं उत्तर एकसारखं आलं तर ती एका ढिगात. उत्तर वेगळं आलं तर ढीग वेगळा, मग वस्तू दिसायला सारख्या का असेनात. जाड बांधणीचं पुस्तक आणि जाड बांधणीचा पीएचडीचा प्रबंध कपाटात सारखेच दिसतात. पण पुस्तकासाठी प्रकाशकाचं नाव लागतं आणि प्रबंधासाठी विद्यापीठाचं. शिवाय प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, सापडू शकतो, पुस्तक तिथे नसतं. म्हणून प्रकार दोन. जळगावचं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं, त्याआधीचे आपल्याकडचे प्रबंध पुणे विद्यापीठाकडे शोधावे लागतात. तेव्हा प्रबंधाच्या नोंदीत विद्यापीठ आणि वर्ष या दोन गोष्टी सक्तीच्या.

सक्तीच्या रकान्यांवरूनच प्रकार खरा ठरतो. दोन प्रकारांचे सक्तीचे रकाने तंतोतंत सारखे निघाले तर ते दोन नाहीतच, एक आहे. या एका कसोटीवर आमचे सव्वीस प्रकार अकरावर आले.

बाहेरच्या यादीत आपल्या वस्तू बसतात का

जगात तयार याद्या पुष्कळ आहेत आणि त्या पाहूनच पुढे जावं. बिबटेक ही संगणकावर संदर्भसूची बनवायची १९८५ ची पद्धत. तिच्यात चौदा प्रकार आहेत आणि ते अजूनही वापरात आहेत. त्यातला ‘बुकलेट’ मला फार आवडतो. छापलेलं आहे, शिवलेलं आहे, पण प्रकाशक म्हणून कोणाचं नाव नाही, अशा वस्तूसाठी तो आहे. जत्रेत मिळणाऱ्या माहिती-पुस्तिकांना तो चपखल बसतो. स्कीमा डॉट ऑर्ग, म्हणजे पानावर काय आहे हे शोधयंत्रांना सांगायची शब्दावली, २०११ साली गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून सुरू केलं. तिथे पुस्तक, प्रकरण, शोधलेख, बातमी, प्रबंध, नियतकालिकाचा अंक, हस्तलिखित, नकाशा या सगळ्यांना स्वतंत्र नावं आहेत.

पण दिवाळी अंक कुठे घालणार? १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठीतलं कितीतरी महत्त्वाचं लेखन पहिल्यांदा दिवाळी अंकात आलं. तो मासिकाचा साधा अंक म्हणावा तर काही दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतात, मासिक मुळात नसतंच. पुस्तक म्हणावं तर संपादकाखाली तीस लेखक. वाचक वाचनालयात येऊन काय मागतो? ‘अमुकचा दिवाळी अंक, तमुक साल.’ महिना नाही, खंड नाही, अंक क्रमांक नाही. रकाने वेगळे, म्हणून प्रकार वेगळा. साहित्य संमेलनाची स्मरणिका तशीच. अमळनेरला संमेलन १९५२ साली झालं आणि पुन्हा २०२४ साली झालं. नुसतं ‘अमळनेर संमेलन स्मरणिका’ लिहिलं तर मधली बहात्तर वर्षं हरवतात. म्हणून स्मरणिकेला प्रसंग, गाव आणि साल हे तीन रकाने सक्तीचे केले.

आपले प्रकार ठेवायचे, पण प्रत्येकासमोर बाहेरच्या यादीतला सर्वांत जवळचा प्रकार लिहून ठेवायचा. दिवाळी अंकासमोर ‘नियतकालिकाचा अंक’, स्मरणिकेसमोर ‘पुस्तक’. स्कीमात ‘ॲडिशनलटाइप’ नावाचा एक रकाना आहे. मुख्य प्रकार त्यांचा द्यायचा आणि त्या रकान्यात आपला. शोधयंत्राला त्यांचा कळतो, आपल्या वाचकाला आपला.

एकाच खुणेत चार गोष्टी कोंबू नका

इथे थोडं थांबते, कारण बहुतेक नियम इथेच बिघडतात.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी ती उतरवून घेतली. पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. आता या संदर्भाचा प्रकार काय? एका विद्यार्थ्याने ‘भाषण’ लिहिलं, दुसऱ्याने ‘पुस्तक’, तिसरीने ‘मौखिक’. तिघांचंही काही चुकलं नव्हतं. चूक आमच्या नियमाची होती. वस्तू काय आहे, तिचा उगम कसा झाला आणि कोणी काय काम केलं, हे सगळं आम्ही एकाच खुणेत विचारत होतो.

वेगळं करून पाहा. वाचकाला मागायचं आहे पुस्तक, म्हणून प्रकार ‘पुस्तक’. विनोबांची भूमिका ‘वक्ता’, गुरुजींची भूमिका ‘लेखनिक’. मूळ घडल्याचा काळ १९३२, आणि हातातल्या आवृत्तीचं वर्ष जे असेल ते. सगळं जागच्या जागी बसतं. बहिणाबाईंचंही तसंच. आसोद्याच्या या माउलीने ओव्या रचल्या त्या तोंडी. सोपानदेवांनी त्या लिहून ठेवल्या आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्याच्या पुढल्या वर्षी. रचणारी आणि लिहून घेणारा यांच्यासाठी दोन भूमिका नसतील तर एकाचं श्रेय पुसलं जातं. भूमिकांची यादी म्हणून वेगळीच करा: लेखक, संपादक, अनुवादक, वक्ता, निवेदक, लेखनिक. आम्हाला एवढ्या पुरल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे वस्तू कशाच्या पोटात आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, त्यातली पत्रं अठराव्या शतकातली. संदर्भ पत्राचा आहे, पण मागायचा आहे खंड. म्हणून नोंदीत नोंद: आत ‘पत्र’, बाहेर ‘पुस्तक’, दोघांची सालं वेगळी. दिवाळी अंकातला लेख, गौरवग्रंथातलं प्रकरण, स्मरणिकेतली आठवण, सगळ्यांना हाच साचा. ‘दिवाळी अंकातला लेख’ असा वेगळा प्रकार काढायची गरज उरत नाही. आमचे पाच प्रकार इथेच गळाले.

चौथी गोष्ट म्हणजे संदर्भ का दिला. ग्रिअरसनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ चा, त्यात खानदेशी बोली भिल्ली भाषांच्या सोबतीने घातली आहे. आमची एक विद्यार्थिनी त्यातले नमुने वापरते, दुसरी ती वर्गवारीच खोडून काढते. ग्रंथ एक, पण एकीसाठी तो साधन आणि दुसरीसाठी वादाचा विषय. संदर्भसूचीतल्या नोंदीवर ‘मतभेद’ अशी खूण केलीत तर पहिलीवर अन्याय होतो. म्हणून कारणाची खूण नोंदीवर करायची नाही. लेखातून नोंदीकडे जाणारा जो दुवा असतो, त्या दुव्यावर करायची. डेव्हिड शॉटन यांनी मांडलेली सायटो नावाची पदावली नेमकी यासाठी आहे: पुरावा म्हणून, आधार म्हणून, माहिती घेतली, मतभेद आहे, खंडन केलं. तिच्यात पुष्कळ छटा आहेत. सुरुवात चारांनी करा.

एचटीएमएलमध्ये कशी मांडायची

एचटीएमएलमधल्या प्रत्येक खुणेला टॅग म्हणतात. संदर्भसूची म्हणजे क्रमवार यादीचा टॅग, प्रत्येक नोंद म्हणजे यादीतला एक घटक. प्रकार त्या घटकाच्या क्लासमध्ये, म्हणजे टॅगला दिलेल्या गटाच्या नावात. आतल्या भूमिका आणि रकाने स्पॅनमध्ये (ओळीतल्या तुकड्याभोवतीच्या टॅगमध्ये), ज्याचा त्याचा क्लास देऊन.

‘साइट’ हा टॅग फक्त कृतीच्या नावाला लावा. आजच्या एचटीएमएल प्रमाणात तो लेखकाच्या नावाला लावायचा नसतो आणि पूर्ण नोंदीलाही नाही. जुन्या चौथ्या आवृत्तीत त्याचा अर्थ सैल होता, म्हणून जुन्या पानांवर सगळं काही ‘साइट’मध्ये गुंडाळलेलं दिसतं. तिथून उचलून चिकटवू नका. ब्लॉककोट या लांब अवतरणाच्या टॅगला ‘साइट’ नावाचा जो ॲट्रिब्यूट (टॅगच्या आत दिलेली जादा माहिती) असतो तो वेगळा. त्यात फक्त वेबपत्ता जातो आणि तो वाचकाला दिसत नाही. म्हणून त्याच्यावर विसंबून दिसणारी टीप गाळू नका.

क्लासची नावं देवनागरीत ठेवली तर चालतात का? चालतात. एचटीएमएलला त्याचं काही वावगं नाही, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसलाही नाही. आम्ही मुद्दाम देवनागरी ठेवली, कारण नोंदी करणारे मराठी विभागातले विद्यार्थी आहेत आणि ‘हस्तलिखित’ हे त्यांना वाचताक्षणी कळतं. पण तीन खड्डे आहेत, त्या तिन्हींत आम्ही पडलो.

पहिला खड्डा मोकळ्या जागेचा. क्लासमध्ये ‘दिवाळी अंक’ असं मध्ये जागा सोडून लिहिलं की ब्राउझर ते दोन क्लास समजतो, ‘दिवाळी’ आणि ‘अंक’. आमच्या मोजणीत मासिकांचे अंक अचानक वाढले ते यामुळे. ‘दिवाळी-अंक’ असं जोडचिन्ह द्या. दुसरा खड्डा शुद्धलेखनाचा. ‘हस्तलिखित’ आणि ‘हस्तलिखीत’ हे यंत्रासाठी दोन वेगळे प्रकार. हाताने टंकू देऊ नका, निवडयादीतूनच निवडू द्या. तिसरा खड्डा डोळ्यांना दिसतच नाही. आम्ही एका भूमिकेला ‘गाणाऱ्याचे-नाव’ म्हटलं होतं. त्यातला ‘ऱ्य’ वेगवेगळ्या कळफलकांवर तीन तऱ्हांनी उमटतो: कुठे ‘ऱ’ हे एकच अक्षर, कुठे र आणि खाली नुक्ता, कुठे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे. यंत्र अक्षरांचे आकार पाहत नाही, आतले संकेतांक पाहतं, म्हणून जुळणी फसली. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. आम्ही नावच बदलून ‘निवेदक’ केलं. नावं निवडताना ‘ऱ’ असलेला शब्द टाळाच.

नोंदीचा आयडी (दुवा ज्या नावाने तिच्यापर्यंत पोचतो ते) मात्र रोमन अक्षरं आणि अंक यांचाच ठेवा. देवनागरी आयडी वैध आहे, पण दुवा कॉपी करून कोणाला पाठवला की पुष्कळदा टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होते आणि ती निम्म्यावर तुटते.

ॲक्सेसिबिलिटीसाठी सूचीला ‘डॉक-बिब्लिओग्राफी’ आणि लेखातल्या दुव्याला ‘डॉक-बिब्लिओरेफ’ असा ‘रोल’ ॲट्रिब्यूट द्या. ऐकून वाचणाऱ्याला त्यावरून कळू शकतं की हा दुवा संदर्भाकडे जातो. भाषा सांगणारा ‘लँग’ ॲट्रिब्यूटही विसरू नका. खानदेशातल्या अहिराणी बोलीचा स्वतंत्र भाषासंकेत आहे, ए-एच-आर. अहिराणी गाण्याला मराठीचा संकेत लावणं मला पटत नाही. बोलीची नोंद बोली म्हणून झाली पाहिजे.

तारखा

तारखेसाठीच्या टाइम टॅगच्या आतला मजकूर हवा तसा लिहा, ‘शके १८०२’ सुद्धा. पण त्याच्या डेटटाइम ॲट्रिब्यूटमध्ये इसवी सन आणि इंग्रजी अंकच लागतात, देवनागरी अंक तिथे अवैध ठरतात. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना एकोणऐंशी मिळवावे लागतात. तिथी माहीत नसेल तर हा टॅग लावू नका, फक्त शक लिहा. अंदाजे सालांनाही तेच. खोट्या नेमकेपणाची तारीख एकदा यंत्रात गेली की ती लोक पुढे नेत राहतात.

गावांची आणि जिल्ह्यांची नावं छापली आहेत तशीच ठेवायची. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, आणि नंदुरबार धुळ्यापासून निघाला तो १९९८ साली. जुन्या ग्रंथाच्या नावातलं ‘धुळे जिल्हा’ सुधारून ‘नंदुरबार’ करणारा विद्यार्थी आमच्याकडे होता, हेतू चांगलाच होता. आजच्या जिल्ह्यासाठी त्याला वेगळा रकाना दिला.

पान स्वतः आणि पानावरचे संदर्भ

ही चूक आम्हाला तीन महिने कळली नाही. स्कीमाची माहिती आम्ही पानाला जोडली आणि त्यात लिहिलं: प्रकार पुस्तक, वर्ष १८८०. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचा लेखच १८८० सालचं गॅझेटियर आहे, असं आम्ही यंत्राला सांगत होतो. बरोबर पद्धत अशी: पानाचा प्रकार ‘लेख’, लेखिका ती, आणि ‘सायटेशन’ या रकान्यात गॅझेटियरची नोंद. शोधयंत्रांसाठी पानाच्या डोक्यावर ज्या ‘सायटेशन’ने सुरू होणाऱ्या मेटा-खुणा देतात, त्याही मुख्यतः पानाविषयी असतात, संदर्भांविषयी नव्हे. नावामुळे गोंधळ होतो.

विद्यार्थ्यांनी झोटेरो या संदर्भ साठवायच्या प्रणालीत संदर्भ एका टिचकीत घ्यावेत असं वाटत असेल तर प्रत्येक नोंदीत कॉइन्सचा, म्हणजे संदर्भाची माहिती यंत्रासाठी लपवून ठेवणारा, एक रिकामा स्पॅन घाला. जुनी पद्धत आहे, पण झोटेरो ती वाचतो.

दोघांना वेगवेगळं बसवा

नियम लिहून झाला की तो बनवण्यात नसलेल्या दोघांना बोलवा. तीस कार्डं एकाला, तीच तीस दुसऱ्याला, एकमेकांशी न बोलता प्रकार लावायला सांगा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे त्यांना समजावत बसू नका, व्याख्या पुन्हा लिहा. आमच्याकडे पहिल्या फेरीत आठ कार्डांवर मतं फुटली. त्यातली सहा ‘स्मरणिका’ की ‘गौरवग्रंथ’ अशी होती. व्याख्येत एक वाक्य घातलं: व्यक्तीसाठी काढलेला तो गौरवग्रंथ, प्रसंगासाठी काढलेली ती स्मरणिका. दुसऱ्या फेरीत दोनच उरली.

‘इतर’ हा प्रकार ठेवा आणि महिन्याला एकदा तो उपसा. एकाच तऱ्हेच्या पाच नोंदी तिथे साठल्या तर नवा प्रकार मागतायत असं समजा. जुना प्रकार बंद करायचा झाला तर पुसू नका, ‘यापुढे वापरू नये, त्याऐवजी हा’ असं त्याच्यापुढे लिहा. जुन्या पानांवर तो अजून आहे.

तोंडी स्रोत

सर्वांत जास्त वेळ याच ढिगापाशी गेला. आखाजीची (अक्षय तृतीयेची) गाणी, खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या. स्कीमात यासाठी थेट प्रकार नाही. ध्वनिमुद्रण असेल तर ‘ऑडिओ’ म्हणून ते जातं, नसेल तर ‘कृती’ या सर्वसाधारण प्रकारात. आम्ही आपला ‘मौखिक’ प्रकार केला आणि सक्तीचे रकाने ठरवले: निवेदक, गाव, ऐकल्याची तारीख, लेखनिक, बोली, ध्वनिमुद्रण कुठे ठेवलंय, आणि नाव छापायची परवानगी मिळाली की नाही. परवानगी नसेल तर निवेदकाच्या जागी फक्त गाव आणि अंदाजे वय.

पहिला नमुना छापून मी एका आजींकडे घेऊन गेले. त्यांच्याकडून आम्ही आखाजीची सात गाणी घेतली होती. कागद बघून त्यांनी विचारलं, ‘हाई काय शे?’ मी वाचून दाखवलं: निवेदक म्हणून त्यांचं नाव, गाव म्हणून सासरचं गाव. त्या म्हणाल्या, गाव चुकलं. गाणी माहेरची, आईकडून आलेली, सासरी ही चालच नाही. त्या संध्याकाळी नियमात एक रकाना वाढला: ‘कोणाकडून शिकलं आणि कुठे’. तो सक्तीचा ठेवला आणि आधीच्या सगळ्या मौखिक नोंदी घेऊन विद्यार्थी पुन्हा त्या त्या घरी गेले.